पहिली वेचणी

सिलिगुडीहून बदली घेऊन धरणगावला आले
तेव्हा सामानात पन्नास ग्रॅम पांढरा चहा होता,
पत्र्याच्या डबीत, औषधासारखा.

काकूने त्यातला निम्मा पहिल्याच दिवशी
आलं ठेचून, साय घालून
दहा मिनिटं रटरट उकळला.
"पांढराच करायचा होता ना?" म्हणाली.
तिचं तरी काय चुकलं?
आमच्याकडे दूध पडलं की चहा पांढरा,
नाही पडलं तर कोरा,
आणि कोरा म्हणजे घरात कुणी आजारी,
नाहीतर कुणी गेलेलं.

उरलेला मी लपवला.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
उन्हं उतरल्यावर धाब्यावर पाणी शिंपडलं, बोअरचं.
चहाला ते चालत नाही,
त्यातल्या क्षारांनी हा चहा मुका होतो.
जारचं पाणी वर नेलं, स्टोव्ह नेला,
आणि हाताला धरून आप्पांना.

गावाला ते सुपडू ग्रेडर.
अडतीस वर्षं जिनिंगमध्ये.
तंबाखूने जिभेवर साल चढलेली, चव कधीच गेली,
पण बोटं अजून ड्यूटीवर जातात:
चादरीचा पदर, सदऱ्याची बाही,
हाताला लागेल त्याचा धागा ओढून बघतात.

"हाऊ काय चहा शे?" डबीत डोकावून म्हणाले,
"ह्या ते बोंडं शेतस."
कळ्या आहेत, म्हटलं.
उमलायच्या आधी खुडलेल्या.
मळल्या नाहीत, चुरल्या नाहीत,
कोमेजू दिल्या, वाळू दिल्या, एवढंच.

पाणी उकळू द्यायचं नाही, आप्पा.
बुडाला मोहरीएवढे बुडबुडे धरले
की ते ज्वारीएवढे व्हायच्या आत उतरवायचं.
जरा थांबायचं.
मग ओतायचं, कळ्यांच्या अंगावर नाही, कडेकडेने.
वर झाकण. पाच मिनिटं गप्प बसायचं.

गप्प बसणं त्यांना जमतं.
मीच तीनदा झाकण उचललं.

पहिल्या पेल्याचा रंग
कडबा भिजवलेल्या पाण्याइतका.
आप्पा प्याले. "पानी शे."
त्याच कळ्यांवर दुसरं पाणी, दुसरा पेला.
"गरम पानी शे."

मला लागत होतं काहीतरी.
आधी काकडीच्या सालीसारखं,
मग मागाहून गोड, साखरेचं नाही,
ओला हरभरा खाल्ल्यावर घशाशी उरतं तेवढंच.
बोलले नाही.
चव काय, सांगून लागते?

तिसरं पाणी मुरत होतं
तेव्हा त्यांनी डबीतली एक कोरडी कळी घेतली,
चिमटीत धरून तिच्या अंगावरची लव ओढली.
डोक्यावरची काळी टोपी काढून मांडीवर उपडी ठेवली,
लव तिच्यावर पसरली.
कापसाच्या गंजीपाशी असंच करायचे,
काळ्यावर पांढरं लपत नाही.
नखाने लांबी बघितली,
चष्मा खाली राहिलेला, उजेड जवळजवळ संपलेला.

"धागा आखूड शे."

मग बराच वेळ काहीच नाही.
लांब कुठल्याशा मळ्यात मोटार सुरू झाली.
त्यांनी पेला नाकाशी नेला, तसाच धरून ठेवला.

"पन पहिली वेचनी शे."

पहिली वेचणी म्हणजे काय
ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
कवडी नाही, काडी-पाचोळा नाही,
दव वाळल्यावर हातात आलेला कापूस.
नंतरची सगळी फरदड.
माझ्या बापाने जन्मभर
दुसऱ्यांच्याच पहिल्या वेचणीला भाव लावला.

तिसरा पेला त्यांनी सावकाश संपवला.
पेला खाली ठेवून म्हणाले,
"आते चहा कर."
केला. आलं ठेचून, रटरट.

आठवड्याने टोपी धुवायला घेतली.
लव होती तशीच, शिवणीत अडकून.
ही चहाची, की जुनी, कापसाची?
ओढून बघितली, नखाशी लावली.
मला नाही ओळखता आली.